सोलापुराहून समुद्राला: निसर्ग बघायला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी सोलापुरातला गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठला की आमच्याकडं फोन सुरू होतात. "या वेळी कोकणात जायचं म्हणतोय, कुठं जाऊ?" आम्ही मूळचे नान्नजच्या माळावर आणि उजनी धरणाच्या काठावर दुर्बिणी घेऊन बसणारे लोक. समुद्राचा नाद नंतर लागला, तोही चुका करत करत. त्यामुळं खालची उत्तरं हॉटेल आणि वॉटर स्पोर्ट्स शोधणाऱ्यांच्या फारशा कामाची नाहीत. ज्यांना किनाऱ्यावर वाकून काहीतरी बघायचंय, त्यांच्यासाठी ती आहेत.

सोलापूरला सगळ्यात जवळचा समुद्र कुठला?

रत्नागिरीचा. मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर आणि पुढं आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे. सोलापूर ते कोल्हापूर सव्वादोनशेच्या थोडं पुढं, तिथून रत्नागिरी एकशे तीसच्या आसपास. म्हणजे एकूण साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता, वाटेत मिरजेला नाश्ता धरून.

हा रस्ता झोपून घालवू नका. मंगळवेढ्याची काळी रानं आणि ज्वारी, सांगोल्याची डाळिंबं, कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शेड, मग कृष्णाकाठचा ऊस. मलकापूर सोडलं की भाताची खाचरं लागतात. घाट उतरताना हवा चिकट होते आणि घरांचे दगड काळ्याचे तांबडे होतात. तो जांभा. सोलापूरला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. हा सगळा फरक एका दिवसात काचेतून बघायला मिळतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडं जायचं असेल तर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा राधानगरी-फोंडा घाट. गुहागरला कराडमार्गे कुंभार्ली घाट. वेळास-आंजर्ल्यासाठी पंढरपूर, सातारा, महाबळेश्वर, पोलादपूर असं जाता येतं, पण तो अख्खा दिवस खातो. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का हे तिकडच्या माणसाला विचारा. मुक्कामाच्या घरमालकाला एक फोन केला की कळतं.

रेल्वेनं जाता येत नाही का?

थेट नाही. कोल्हापुरात रूळ संपतात, पुढं सह्याद्री. कोकण रेल्वे पकडायची तर कल्याण-पनवेलकडं वळसा घालावा लागतो. एसटीनं कोल्हापूर गाठून तिथून रत्नागिरी किंवा मालवणची गाडी बदलणं त्यापेक्षा बरं.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमचा आवडता काळ गड्ड्यानंतरचा, म्हणजे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, थंडीचे पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात आणि कासवांची पिल्लं निघायला लागतात.

एप्रिल-मे मध्ये आंबा खायला जा, पण उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज घेऊन जाऊ नका. "आपल्याकडं बेचाळीस, तिकडं तेहतीस, मग मजाच," असं म्हणून गेलेले लोक दुपारी अकरालाच खोलीत परततात. आपल्याकडं घाम येतो आणि वाळतो, त्यानं अंग गार राहतं. कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही. तेहतीसमध्ये सोलापूरकर जेवढा कासावीस होतो तेवढा घरी बेचाळीसमध्येही होत नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळते? आणि ती बघणं खरंच गरजेचं आहे का?

या सगळ्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पहिल्या मोठ्या सहलीला आम्ही चौदा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो होतो. डिसेंबर, नाताळची सुट्टी, पौर्णिमा. रत्नागिरीच्या दक्षिणेला एका छोट्या गावात सकाळी साडेअकराला पोचलो. फोटोत बघितलेली लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, कुठंच नव्हती. पाणी थेट जांभ्याच्या बांधाला थडकत होतं आणि वर माडाच्या झावळ्या. मागच्या सीटवरची पोरगी सारखी विचारत होती, "बीच कुठंय?" अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेल्या आजींनी वर न बघताच सांगितलं, "आज पुनव. बाराला भरती. संध्याकाळी या, पुळण दिसेल." संध्याकाळी आमचं आरक्षण ऐंशी किलोमीटर पुढं होतं. ती पुळण आम्ही आजवर बघितलेली नाही.

हिशेब सोपा आहे, किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणखी तितक्याच वेळानं पुन्हा भरती. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून एका तिथीला पाऊण तास. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि मुंबईपेक्षा मालवणकडं भरती थोडी आधी येते. पाण्यात उतरायचं असेल तर फोनवरचं भरतीचं वेळापत्रक बघाच. पण सहलीची तारीख ठरवायला तिथी पुरते.

आता गंमत बघा. ही तिथी ज्या दाते पंचांगात बघायची ते पंचांग निघतं आपल्या सोलापुरातूनच. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर, जिथं विहिरीलासुद्धा पाणी टिकत नाही, तिथून निघणारं पंचांग बघून वेंगुर्ल्याची ओहोटी सांगता येते. घरातल्या खिळ्याला ते लटकलेलंच असतं. आपण त्यात मुहूर्त बघतो, एवढंच.

पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी खूप वर येतं आणि तितकंच मागं जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे चढ-उतार कमी. पौर्णिमेच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, दुपारी सगळ्यात वर. चालायला, खेकडे-शिंपले बघायला, खडकांतल्या डबक्यांत डोकावायला हेच दिवस. अष्टमीला उलटं, ओहोटी भर दुपारी येते आणि उन्हात डोकं तापतं. म्हणून आमचा नियम असा की आधी तिथी ठरवायची आणि मग ऑफिसात रजा मागायची. शनिवार-रविवार बघून निघणाऱ्यांना समुद्र नशिबानं भेटतो. कार्तिकी वारी करणाऱ्यांना तर हे जमलेलंच आहे: एकादशीला पंढरपूर आणि तिथून चार दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला समुद्र.

एकच किनारा सांगा.

एक सांगता येत नाही. काय बघायचंय त्यावर आहे.

चालायचं असेल तर गुहागर. गावाला लागूनच कित्येक किलोमीटर सलग वाळू आणि मागं सुरूची झाडं. सुरूच्या बनातला वारा ऐकण्यासारखा असतो, पण एक सांगून ठेवतो, सुरू हे इथलं झाड नव्हे, बाहेरून आणून लावलेलं आहे. अस्सल किनाऱ्याची वनस्पती बघायची तर पायाखाली बघा. वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची वेल दिसेल. पान मधोमध चिरलेलं, अगदी दसऱ्याला लुटतो त्या आपट्यासारखं. ती मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल, आणि वाळू धरून ठेवण्याचं कामही तिचंच. कोकणी माणसानं यापेक्षा चांगलं नाव कुठल्या झाडाला दिलं असेल असं मला वाटत नाही.

गुहागरहून हेदवीला जा. तिथं बामणघळ आहे. खडकाला पडलेल्या अरुंद चिरेत भरतीचं पाणी घुसतं आणि आवाज करत उंच उसळतं. म्हणजे ज्या पौर्णिमेच्या दुपारनं आमची पुळण बुडवली, तीच दुपार बामणघळीला योग्य. लांबून बघा. ओल्या खडकावर, घळीच्या तोंडाशी जाऊ नका.

खडक आणि एकांत हवा असेल तर राजापूर तालुक्यातलं कशेळी. देवघळीची छोटी पुळण, दोन्ही बाजूंना कडे, वर उभं राहून खाली बघायचं. तिथंच कनकादित्याचं जुनं मंदिर आहे आणि सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प. सडा म्हणजे वरचं सपाट जांभ्याचं पठार. एका दिवसात समुद्र, सूर्याचं देऊळ आणि आदिमानवाचा हत्ती. आमचा स्वतःचा कल या बाजूला जास्त आहे हे कबूल करतो.

पाण्याखालचं बघायचं तर मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला. प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. बहुतेक लोक १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला बघून परततात आणि त्याच्या पायाशी काय आहे ते बघायचं राहून जातं. पाणी नितळ असतं ते थंडीत. देवबागेला कर्ली नदी समुद्राला मिळते, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. गर्दी मात्र भरपूर, आणि दर वर्षी वाढतीच.

शांतता हवी तर आणखी खाली उतरा: निवती, भोगवे, वेंगुर्ले, शिरोडा. शिरोड्याची मिठागरं जरूर बघा, पक्ष्यांसाठीही आणि इतिहासासाठीही. १९३० साली तिथं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडं सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. त्या प्रकरणात फाशी गेलेल्यांच्या नावाच्या चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला शिरोड्याच्या मिठाची चव जरा वेगळी लागायला हरकत नाही.

गणपतीपुळ्याबद्दल लोक हमखास विचारतात. दर्शनाला जरूर जा. निसर्ग बघायला म्हणून, आणि तेही सलग सुट्ट्यांत, जाऊ नका. आरे-वारेचा रस्ता मात्र त्याच वाटेवर आहे, तिथल्या चढावर पाच मिनिटं थांबा.

कासवं बघायची आहेत. नक्की दिसतात का?

"नक्की" हा शब्द सोडून द्या, मग जा.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून निघून जाते. ओडिशात हजारोंनी एकदम येतात, आपल्या किनाऱ्यावर एकेकटी. पूर्वी ही अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे उकरून न्यायचे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. अंडी काळजीपूर्वक उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. पुढं आंजर्ले आणि इतर गावांतही हे काम उभं राहिलं, वन विभागही त्यात आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळी आणि संध्याकाळी, त्या वेळेला जितकी पिल्लं वर आली असतील तितकी किनाऱ्यावर सोडतात. कधी चाळीस असतात, कधी चार, कधी एकही नाही. म्हणून दोन मुक्काम ठेवा, चार संधी मिळतात. घरगुती मुक्काम आधी ठरवून जा, त्या गावात आयत्या वेळी जागा मिळत नाही.

पिल्लू म्हणजे केवढं? काडेपेटीपेक्षाही लहान, कोळशाच्या रंगाचं. टोपली वाळूवर कलती करतात. आधी काहीच होत नाही, मग एखादं वल्ह्यासारखे पाय मारत निघतं. ओल्या वाळूवर त्याची नक्षी उमटते, ट्रॅक्टरच्या चाकासारखी, पण बोटभर रुंदीची. पहिल्या लाटेनं ते उलटंपालटं होऊन पुन्हा मागं येतं. बघणारी सगळी माणसं एका सुरात "अगं बाई" म्हणतात. कुणी उचलून पाण्यात ठेवायचं नाही, ते अंतर त्यानं स्वतः कापायचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला ते दिसेनासं होतं. एवढंच. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर येऊन दहा मिनिटांचा कार्यक्रम. आमच्या गटातले एक काका, सूत गिरणीत आयुष्य गेलेले, त्यानंतर अर्धा तास तिथंच उभे होते. विचारलं, "काय बघायलाव काका?" म्हणाले, "गेलं ते कुठं असंल आता."

फ्लॅश मारू नका, दोरीच्या पलीकडं पाय टाकू नका. ओल्या वाळूत पिल्लं दिसत नाहीत, तुमच्या पायाखाली येतील.

आम्ही शुद्ध शाकाहारी. हाल होतील का?

अजिबात नाही. गुहागर, वेळास, आंजर्ले, गणपतीपुळे या भागात घरगुती शाकाहारी जेवण सहज मिळतं: घावणे, फणसाची भाजी, डाळिंबी उसळ, सोलकढी, मोदक. तक्रार एकच येते, तिखट नाही. नारळानं सगळं गोड लागतं. त्यावर उपाय तुमच्याच घरात आहे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी डब्यात घ्या. दमट हवेत कडक भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ पडते, म्हणून झाकण घट्ट हवं. चटणीचा अर्धा डबा घरमालकिणीला देऊन या, पुढच्या वेळी खोली आपोआप मिळते.

मला उत्तम पोहता येतं. समुद्रात पोहू का?

कुठं शिकलात? विहिरीत ना? पाठीला डबा बांधून, काकानं वरून ढकलून. आपल्यातले बहुतेक तसेच शिकले. आणि खरी भीती त्यांचीच वाटते. ज्याला पोहता येत नाही तो गुडघाभर पाण्यात राहतो. विहिरीत तरबेज असलेला थेट आत जातो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राच्या पाण्याला ओढ असते.

लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणार. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. बाहेरून बघितलं तर आजूबाजूला लाटा फुटतायत आणि मधला एक पट्टा शांत, जरा गढूळ दिसतो. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झटापट करू नका, दमून जाल. अंग मोकळं सोडा, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहा, ओढ सुटली की मग वळा. दम नसेल तर नुसतं तरंगत हात वर करा.

हे वाचून धीर येऊ देऊ नका. कमरेच्या वर पाणी नको. पाणी ओसरत असताना, नदी-खाडीच्या मुखाशी आणि दारू पिऊन तर अजिबातच नको. गावातला माणूस "इथं नको" म्हणाला की वाद न घालता बाहेर या. बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो. मदतीला ११२ लावा, आणि बुडणाऱ्यामागं उडी टाकण्याआधी दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

पक्षी कुठले दिसतील? उजनीवर दिसतात त्यापेक्षा वेगळे?

काही तेच, आणि त्यातच मजा आहे. थंडीत उजनीवर येणारे कुरव, म्हणजे सीगल, किनाऱ्यावर थव्यानं असतात. तुतारी, चिखल्या, सुरय हेही ओळखीचे. वेगळा दिसेल तो समुद्री बगळा, राखाडी-काळसर, खडकावर एकटा. आणि समुद्री गरुड: पांढरं पोट, राखाडी पंख, उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं, जे तो वर्षानुवर्षं वापरतो. वेळास-आंजर्ले पट्ट्यात मान वर ठेवा. घरट्याखाली घोळका करून उभे राहू नका.

नवीन माणसाला आम्ही आधी उजनीवरच नेतो. पाणी उतरलं की येणारे रोहित (फ्लेमिंगो), कुरव, शेकाटे तिथं नीट ओळखायला शिका, मग समुद्रावर गेल्यावर वेळ वाया जात नाही. पेट्रोलही कमी लागतं.

लहान मुलांना काय दाखवू? ती कंटाळतात.

ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं हलू देऊ नका. सुरुवातीला फक्त छोटी भोकं आणि भोवती वाळूच्या गोळ्या दिसतील. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, ओळीनं मांडल्यासारख्या, भोकापासून बाहेर किरणांसारख्या. पावलांचा आवाज थांबला की भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं बारीक अन्न चाटूनपुसून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो, पुढं सरकतो. तुम्ही हात हलवला की गायब. अख्खी पुळण या गोळ्यांनी भरलेली असते आणि पुढची भरती सगळं पुसून टाकते. उद्या पुन्हा पहिल्यापासून.

आमच्यातल्या एका मुलानं एका खेकड्याच्या गोळ्या मोजायला घेतल्या होत्या. एकशे बाराला पाणी आलं.

शंख-शिंपले घरी आणले तर चालतं का?

रिकामा शिंपला दिसला की मोह होतो, मान्य. पण रिकामा शंख बऱ्याचदा रिकामा नसतो, त्यात शंखवासी खेकडा राहतो. नसेल तर उद्या कुणी येणार असतो. काही जातींचे शंख आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, प्रवाळाचा वाळलेला तुकडाही उचलायचा नाही आणि दुकानातून विकतही घ्यायचा नाही. फोटो काढा, जागेवर ठेवा.

गाडी वाळूवर नेता येते का?

नेऊ नका. कासवाची घरटी असतात, मर्यादवेल चिरडते, बऱ्याच ठिकाणी बंदीही आहे. हे पटत नसेल तर भरतीचा हिशेब पुन्हा वाचा आणि मग आपल्या गाडीच्या हप्त्यांचा करा. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, खारी हवा पत्रा खाते.

सामान काय घ्यावं?

रबरी चपला, अंग झाकणारे सुती कपडे, टोपी, दुर्बीण, बॅटरी, ओआरएसची पाकिटं, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. सोलापुरी टॉवेल घ्या, चादर नेऊ नका. आम्ही अभिमानानं नेली होती. तिच्या विणीत शिरलेली वाळू सहा महिने पलंगावर पडत होती.

पावसाळ्यात गेलं तर?

हिरवं कोकण बघायला जा, किनाऱ्यावर उतरायला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, किल्ल्यावरच्या होड्या बंद, घाटात दरडी. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, आपण थांबायला काय हरकत आहे?

रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणतात, खरं आहे?

खरं आहे. पाण्यातले अतिसूक्ष्म जीव धक्का बसला की प्रकाश सोडतात. थंडीच्या सुरुवातीला, अंधाऱ्या रात्री आपल्या किनाऱ्यावर कधीकधी दिसतं. अमावास्येच्या आसपास दिव्यांपासून लांब उभे राहा आणि मोबाइल खिशात ठेवा. आम्हाला इतक्या वर्षांत दोनदा दिसलं, आणि फोटोत आला तितका निळा दोन्ही वेळेला नव्हता.

मुरूडला जायचंय, रस्ता कुठला?

कुठल्या? रायगडातलं जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं, दापोलीचं हर्णैजवळचं वेगळं, आणि आपल्या बार्शीहून लातूरला जाताना लागतं ते तिसरं. नकाशात नुसतं "मुरूड" टाकून गाडी पूर्वेकडं वळली तर समजून घ्या.

सूर्योदय समुद्रातून दिसेल का?

नाही, आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य सह्याद्रीमागून येतो आणि पुळणीवर ऊन जरा उशिरा उतरतं. थंडीतली ती सकाळची सावली पक्षी बघायला फार सोयीची.

सूर्यास्त मात्र पाण्यातच, आणि सोलापूरपेक्षा रत्नागिरीला तो साधारण दहा मिनिटं उशिरा होतो, कारण आपण तितके पश्चिमेला आलेलो असतो. आमच्यातल्या एक काकू दर वेळी त्या दहा मिनिटांत घरी फोन लावतात. "मावळला का गं तुमच्याकडं? इथं आहे अजून."